घरबसल्या एलएलबी, आणि मग सनद?

प्रवेशाचे दिवस आले की हा मजकूर फोनवर फिरू लागतो: "नोकरी सांभाळून घरबसल्या ऑनलाइन एलएलबी करा. यूजीसीमान्य पदवी. कोविडनंतर नियम बदलले आहेत. बार परीक्षा द्या आणि थेट वकील व्हा." प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एखादा कण आहे, म्हणून तो खपतो. एकेक वाक्य घेऊ.

"यूजीसीमान्य पदवी." विद्यापीठाला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता असेलही. पण सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, देताना पाहतात ती बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलीच्या नियामक संस्थेची मान्यता. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम २४ मध्ये हेच लिहिलेलं आहे. त्यातही गंमत अशी, की ज्या यूजीसीचं नाव इथे पुढे केलंय, तिनेच दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई असलेल्या अभ्यासक्रमांत वैद्यक, अभियांत्रिकीच्या जोडीला कायदाही घातला आहे. जाहिरात करणाऱ्याने निदान आपला साक्षीदार तरी नीट निवडायचा होता.

"घरबसल्या." बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत नियमित अभ्यासक्रम म्हणजे काय, याची व्याख्याच आहे: दिवसाला किमान ५ तास, आठवड्याला किमान ३० तास. शिवाय प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी, मूट कोर्ट (सरावासाठीचा लुटुपुटूचा खटला), आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप. हजेरीवरून एक नवा फाटाही फुटलाय. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं, की केवळ हजेरी कमी म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नये. त्याचा अर्थ "कॉलेजला जायची गरज नाही" असा लावणारे भेटतात. तो निकाल मान्यताप्राप्त कॉलेजात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांबद्दल आहे. त्यातून ऑनलाइन एलएलबीला मान्यता मिळत नाही.

"कोविडनंतर नियम बदलले." नाही. त्या काळात मान्यताप्राप्त कॉलेजांचे नियमित वर्ग नाइलाजाने स्क्रीनवर भरले. अभ्यासक्रम नियमितच राहिला.

आता मुख्य दावा: "बार परीक्षा द्या." लोक ऑल इंडिया बार परीक्षेला प्रवेश परीक्षेसारखी समजतात: फॉर्म भरला, पास झालो, वकील झालो. प्रत्यक्षात नेहमीचा क्रम असा: एलएलबी पास व्हायचं, मग राज्याच्या बार कौन्सिलकडे (आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा) कागदपत्रं देऊन नोंदणी करायची, आणि त्यानंतर ही परीक्षा. परीक्षेच्या अर्जात नोंदणी क्रमांक मागतात. म्हणजे ऑनलाइन पदवीचा निकाल परीक्षेच्या हॉलमध्ये लागतच नाही. तो त्याआधी, कागदपत्रं तपासणाऱ्या टेबलावर लागतो. परीक्षा तशी फार भयंकर नाही. १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, आणि टिपा नसलेला बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, सोबत नेता येतो. पण तिथवर पोचायला मान्य पदवी लागते. १० फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही परीक्षा वैध ठरवली, तेव्हा शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांनाही ती देऊ द्यावी असं सुचवलं. पदवीआधी परीक्षा, एवढंच काय ते सैल झालं. पदवी कोणती हवी, यात काही बदल नाही.

"माझ्या ओळखीच्याने मुक्त विद्यापीठातून केलं, तो आज कोर्टात उभा राहतो." हे खरं असू शकतं, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. त्याने मुक्त विद्यापीठातून केलेलं असतं ते बी.ए. किंवा बी.कॉम. बारावी करून रीतसर मिळवलेली दूरस्थ पदवी तीन वर्षांच्या एलएलबीच्या प्रवेशाला चालते. (दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठात शिरलेल्यांना मात्र ही वाट बंद आहे.) एलएलबी त्याने वर्गात बसूनच केलेलं असतं. सायबर कायदा, मानवी हक्क यांचे दूरस्थ डिप्लोमेही चांगल्या संस्था चालवतात. ते ज्ञानासाठी घ्यावेत, त्यावर सनद मिळत नाही.

"अमेरिकेत चालतं." काही प्रमाणात चालतं. कॅलिफोर्नियात ऑनलाइन कायदा शिकून तिथली बार परीक्षा देता येते. ती सवलत त्या राज्याची. अमेरिकेतल्या अनेक राज्यांना अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या संस्थेचीच पदवी लागते. आणि परदेशी पदवी घेऊन इथे वकिली करायची, तर ती पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली असावी लागते, वर त्यांची वेगळी पात्रता परीक्षाही असते.

शेवटची पळवाट मला एका हितचिंतकाने सांगितली: "एकदा सनद हातात पडली की कोण विचारतंय?" अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्याच कलम २६ मध्ये तरतूद आहे, की महत्त्वाच्या बाबीत खोटी माहिती देऊन नोंदणी मिळवली असेल, तर बार कौन्सिल ऑफ इंडिया ते नाव यादीतून काढू शकते. आणि हक्क नसताना कोर्टात वकिली केली, तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद.