‘बोर्डावर हृदयरोगतज्ज्ञ, रात्री कोणीच नाही’ या आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

आपला रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी आमच्याच हॉस्पिटलच्या बोर्डासमोर जाऊन उभा राहिलो. ‘हृदयरोगतज्ज्ञ’ ही अक्षरं हातभर. ‘मंगळवार व शुक्रवार’ मात्र रस्त्यावरून दिसणारही नाही इतकं बारीक. वडिलांच्या छातीत दुखतंय म्हणून मध्यरात्री गाडी काढणाऱ्या माणसाने ते कसं वाचायचं? चूक आमची आहे, माफी मागतो. पेंटरला बोलावलंय, वार आणि वेळ तेवढ्याच मोठ्या अक्षरांत येतील.

‘एक इंजेक्शन मारलं आणि गोव्याला पिटाळलं’, असं आपण लिहिलंत. वडिलांचे रिपोर्ट मी इथे उघड करणार नाही. पण हार्ट अटॅकचा संशय आला की आम्ही १० मिनिटांत ईसीजी काढतो आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर तज्ज्ञांना पाठवतो. हृदयाची मोठी रक्तवाहिनी बंद दिसली आणि रक्तस्रावाचा धोका नसला, तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज देतो: वजनाप्रमाणे, शिरेतून, एकदाच. इथून, सावंतवाडीहून, गोव्यातलं बांबोळीचं मेडिकल कॉलेज साठेक किलोमीटर. तिथे पोचून अँजिओप्लास्टी (बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) सुरू होईपर्यंत दोन तास सहज जातात आणि तोवर हृदयाचा स्नायू मरत राहतो. म्हणून आधी इंजेक्शन, मग गाडी. इंजेक्शन लागू पडलं तरी २४ तासांच्या आत अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी) करावी लागते, म्हणून पाठवणं भाग असतं.

हे त्या रात्री कोणीतरी आपल्याजवळ दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं. आपल्या हातात नुसती चिठ्ठी ठेवली गेली. बोर्डापेक्षा हे मला जास्त लागलंय.

‘कॅथलॅब का टाकत नाही?’ असंही आपण विचारलंत. कॅथलॅब म्हणजे अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी जिथे होते ती खोली. तिचं मशीन कर्ज काढून आणता येईल. पण रात्री दोनला फोन केल्यावर अर्ध्या तासात हजर होणारे हृदयरोगतज्ज्ञ, टेक्निशियन, नर्स गावातच राहायला हवेत, आणि तज्ज्ञ एक असून भागत नाही. वर्षाच्या ३६५ रात्री एकटा कोण जागणार? गेल्या वर्षी एक डॉक्टर तयार झाले होते, भाड्याचं घरही बघून गेले. पत्नीच्या नोकरीचं इथे जमेना, तिथेच बोलणं थांबलं. शोध सुरू आहे.

तोपर्यंत एवढं नक्की: रात्री पाठवलेल्या हृदयरुग्णासोबत आमची नर्स अँब्युलन्समधून जाईल, तिचे वेगळे पैसे घेणार नाही.

बाबा घरी आले हे आपल्याच रिव्ह्यूत वाचलं, फार बरं वाटलं. बिलाबद्दल शंका असेल तर घेऊन या, मी स्वतः ओळ न् ओळ समजावतो. सकाळी साडेनऊपासून ओपीडीतच असतो.