विल्यम आणि एलायझा पार्करबद्दल बोलूया

अमेरिकेतली गुलामगिरी कशी संपली असं विचारलं की आपल्याकडे ठरलेलं उत्तर येतं, लिंकन आले, युद्ध झालं, गुलाम सुटले. कोणी जरा जास्त वाचलेलं असेल तर गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राऊनचं नाव घेतो, तोही गोराच. ज्यांच्या मानेवर जू होतं त्यांनी काय फक्त सुटकेची वाट बघितली का? मला याचा खरंच राग येतो.

ब्राऊनने हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला १८५९ मध्ये. त्याच्या आठ वर्षं आधीची गोष्ट, ११ सप्टेंबर १८५१, पेनसिल्व्हेनियातलं क्रिस्टियाना गाव. विल्यम पार्कर हा स्वतः मेरीलँडमधून पळून आलेला माणूस, त्याने आसपासच्या कृष्णवर्णीयांचा एक गट बांधला होता, गुलाम पकडणारे आले की सगळ्यांनी धावून जायचं. त्याच्या घरी आसरा घेतलेल्या माणसांना न्यायला मेरीलँडचा मालक एडवर्ड गोर्सच पहाटे मुलाला, नातेवाइकांना आणि सरकारी मार्शलला घेऊन आला, हातात वॉरंट. पार्करची बायको एलायझा वरच्या मजल्यावर गेली आणि खिडकीतून शिंग फुंकायला लागली. खालून तिच्यावर गोळ्या झाडल्या तर ती खिडकीखाली गुडघे टेकून बसली, दगडी भिंतीच्या आड, आणि शिंग तोंडाला लावून फुंकतच राहिली! आजूबाजूचे लोक बंदुका, विळे, कोयते, हाताला लागेल ते घेऊन धावले. गोर्सच तिथेच मेला, त्याचा मुलगा जबर जखमी झाला.

गोर्सच म्हणे चांगला मालक होता, धार्मिक होता. असेल. पण माणूस परत न्यायला बंदूक घेऊन आलाच ना?

आता कोणी म्हणेल की कायद्याने लढायचं होतं, हिंसा कशाला. पण कुठला कायदा? पळालेल्या गुलामांना पकडून मालकाला परत देण्याच्या १८५० च्या कायद्यात पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायचीच सोय नव्हती, ज्युरी नाही, आणि निवाडा करणाऱ्या कमिशनरने त्याला मालकाकडे पाठवलं तर कमिशनरला फी १० डॉलर, सोडलं तर ५. न्यायालयाचं दारच बंद केल्यावर माणसाने घराचं दार तरी राखायचं की नाही? माझ्या मते पार्करने केलं तो निव्वळ स्वतःचा आणि आपल्या माणसांचा बचाव होता, त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

सरकारने मग तीसपेक्षा जास्त लोकांवर चक्क देशद्रोहाचा खटला भरला. पहिला उभा केला कॅस्टनर हॅनवे, गोरा गिरणीवाला, त्याचा गुन्हा काय तर मार्शलला मदत करायला नकार दिला. फिलाडेल्फियात ज्युरीने १५ मिनिटांत निर्दोष सोडला आणि देशद्रोहाचे बाकीचे खटलेही बारगळले. म्हणजे कटाचा म्होरक्या गोराच असणार, काळ्यांना एवढं कसं जमेल, हाच सरकारचा समज. आपण आज नुसतं ब्राऊनचं नाव घेतो तेव्हा तीच चूक करतो.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या लोकांत मी तरी पार्कर नवरा-बायकोला धरतो.

पार्कर पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला फ्रेडरिक डग्लसच्या घरी पोचला, हा डग्लसही गुलामगिरीतून पळालेला आणि तिच्याविरुद्ध लढणारा कृष्णवर्णीय नेता, डग्लसने त्याला कॅनडाच्या बोटीत बसवून दिलं. निघताना पार्करने त्याला गोर्सचच्या हातून पडलेलं रिव्हॉल्व्हर भेट दिलं, आणि डग्लसने ते घेतलं.