एका दिवसात अकरा ठिकाणं

सहलीच्या नियोजनाचा कागद मी मुद्दाम जपून ठेवलाय. माझ्याच अक्षरात अकरा ठिकाणं आहेत त्यावर. राणीची बाग, वस्तुसंग्रहालय, गेटवे, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, असं करत करत खाली 'वेळ मिळाल्यास वांद्र्याचे नटांचे बंगले'. प्रत्येकापुढे मिनिटं. गेटवे २०, म्हातारीचा बूट १५. कागदावर सगळं बसलं होतं.

आमची शाळा जुन्नर तालुक्यातली. शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते म्हणून मुंबईचा विचार तरी करता येतो. पहाटे चारला दोन गाड्या निघाल्या, ८४ मुलं. माळशेज उतरेपर्यंत सात जणांच्या पिशव्या भरल्या. लिंबू, आवळासुपारी, खिडकीची जागा, सगळं करून झालं होतं.

पावणेनऊला भायखळ्याला पोचलो आणि राणीच्या बागेचं फाटक बंद. मला वाटलं, लवकर आलो. वॉचमन म्हणाला, "मॅडम, आज बुधवार." बागेला बुधवारी सुट्टी असते. तारीख ठरवणारी मीच, त्यामुळे रागवायचं कुणावर? पेंग्विन बघायचे म्हणून पाचवीतली तीन पोरं स्वेटर घालून आली होती. त्यांच्याकडे बघवेना.

वस्तुसंग्रहालय उघडायला अवकाश होता, म्हणून गाड्या सीएसएमटीकडे वळवल्या. हे ठिकाण कागदावर 'बसमधून दर्शन' असं होतं. मुलांना महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला फुटपाथवर उभं केलं आणि म्हटलं, भिंतीवर किती जनावरं दिसतात ते मोजा. खरं सांगते, पाऊण तास घालवायला दुसरं काही सुचलं नाही म्हणून सांगितलेलं काम होतं ते.

पण पोरं जी लागली! मोर सापडला, माकड सापडलं, खार सापडली. दारापाशी एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ. मी सांगितलं, सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला. त्यावर एक आठवीतला मुलगा म्हणाला, "आणि बिबट्या?" आमच्याकडे संध्याकाळी उसाच्या कडेने जायची चोरी. त्यामुळे त्याचा प्रश्न रास्तच होता. वर घुमटावरच्या बाईच्या हातात चाक आहे, हेही एका मुलीनेच दाखवलं. मी इतक्यांदा तिथून गेलेय, कधी मान वर केली नव्हती. १८७८ ला काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं, आराखडा स्टीव्हन्स नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाचा, आणि नक्षीकामात इथल्याच आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांचा हात, असं सांगितल्यावर मागून आवाज आला, "म्हणजे पोरांनी केलं?" मग पुन्हा पहिल्यापासून मोजणी. शिवनेरीच्या पायथ्याची पोरं ती. स्टेशनवरचं महाराजांचं नाव वाचून कुणीतरी घोषणा दिली, आणि त्या गर्दीतही चार-दोन माणसं थांबली.

पुढचं काय सांगू? वस्तुसंग्रहालयातून पळत. मरीन ड्राइव्ह खिडकीतून. बूट बघायला उतरलो तेव्हा निम्मी मुलं गाडीत झोपलेली.

गेटवेला मात्र २० मिनिटांचा सव्वा तास झाला, आणि तो समुद्र बघण्यात गेला नाही. आमच्यात ४१ मुली होत्या. स्वच्छतागृहाची रांग, सुट्टे पैसे, आतून कडी नसलेलं एक दार, ते बाहेरून धरून उभ्या राहिलेल्या दोन मैत्रिणी. मी ओरडत होते, "आटपा गं, उशीर होतोय." आता ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

रात्री परतीच्या वाटेवर, कल्याण सोडल्यावर, माझ्या शेजारी बसलेल्या नववीतल्या मुलीकडे प्यायला पाणी मागितलं. तिने बाटली दिली. गळ्यापर्यंत भरलेली. घरून भरली होती तशीच. मी मागच्या बाकांवर विचारलं. मुलांच्या बाटल्या कधीच्याच रिकाम्या झाल्या होत्या, काहींच्या दोनदा भरून. मुलींच्या बहुतेक सगळ्या जवळजवळ भरलेल्या. दिवसभर उन्हात फिरल्या आणि घोट-घोट पाण्यावर राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. आयांना बघून आपसूक शिकतात हे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की सहल ठिकाणांच्या यादीवरून आखूच नये. आधी बघावं की पोरं बसून डबा कुठे खातील, मुली कुठे जातील, आणि मगच तिथे बघायला काय आहे ते बघावं. मुंबईत दोन ठिकाणं होतील अशाने. होऊ देत की. सहलीनंतर निबंध लिहून घेतले, तर बहुतेकांनी पानभर लिहिलंय ते खार आणि माकडावर. गेटवेला एकेक ओळ.

यंदाच्या बैठकीत मी दोनच नावं लिहून दिली. हेडसरांनी कागद उलटून मागे काही आहे का ते बघितलं. "मॅडम, पालक म्हणतील एवढ्या पैशात दोनच?" एका सरांनी तेवढ्यात अटल सेतू सुचवलासुद्धा, 'फक्त गाडीतून'. निर्णय पुढच्या शनिवारी आहे.

तर मुंबईकरांनो, भायखळा ते फोर्ट या पट्ट्यात ८० मुलांना सावलीत बसून दशम्या खाता येतील आणि जवळ बरं स्वच्छतागृह असेल अशी जागा माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. बुधवार सोडून.