हजार शोधनिबंध आणि लबाडीचा आरोप

इंदूरमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : कणभौतिकीच्या एका प्राध्यापकांच्या नावावर वीस वर्षांत हजार शोधनिबंध आहेत, म्हणजे आठवड्याला एक; एवढे लिहिणे अशक्य, तेव्हा ही लबाडी आहे; गर्दीत नाव असणाऱ्याने काही केलेले नसते; सायटेशनचा, म्हणजे नंतरच्या निबंधांनी दिलेल्या संदर्भांचा, डोंगर म्हणजे सहलेखकांचे आपसांतले ‘अहो रूपम्, अहो ध्वनिः’; आणि खरे शास्त्रज्ञ हिग्ज बोसॉन या मूलकणाचे भाकीत करणाऱ्या पीटर हिग्ज यांच्यासारखे मोजकेच लिहितात. ते प्राध्यापक कोण, हे येथे गौण आहे, कारण जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या मोठ्या प्रयोगांत इतकी वर्षे काढलेल्या कोणाच्याही नावापुढे असाच आकडा दिसतो.

आठवड्याला एक निबंध हा हिशेब बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. सर्नमधल्या ॲटलस आणि सीएमएस या प्रयोगगटांत प्रत्येकी सुमारे ३००० लेखक आहेत आणि प्रत्येक गट वर्षाला साधारण शंभर निबंध प्रसिद्ध करतो. ॲटलसमध्ये नव्या सदस्याने साधारण वर्षभर डिटेक्टरसाठी, म्हणजे कणांच्या टकरी टिपणाऱ्या यंत्रासाठी, किंवा त्याच्या संगणकप्रणालीसाठी नेमून दिलेले तांत्रिक काम पूर्ण केले, की गटाच्या सर्व निबंधांवर त्याचे नाव वर्णानुक्रमे येऊ लागते. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर दोन्ही गटांनी २०१५ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या निबंधाला ५१५४ लेखक होते. त्याच्या ३३ पानांपैकी संदर्भांसह भौतिकीला नऊ पाने पुरली आणि उरलेली चोवीस लेखक व संस्था यांच्या नावांनी भरली. लबाडी लपवावी लागते. ही पद्धत नियमांत लिहिलेली आहे आणि निबंधातच छापलेली आहे.

गर्दीतल्या नावामागे काम नसते, हा आरोप निदान इंदूरकरांनी तरी करू नये. या टकरी घडवणाऱ्या सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या यंत्राच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात कणांचा मार्ग वळवणारे १२३२ द्विध्रुव चुंबक आहेत; प्रत्येक पंधरा मीटर लांब आणि सुमारे ३५ टन वजनाचा. असे धूड मिलिमीटरच्याही अंशाने सरकवून जागी बसवणारे सुमारे ७००० जॅक भारताने पुरवले आणि त्या कामात आपल्या इंदूरच्या कॅटचा, म्हणजे आताच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा, मोठा वाटा होता. यंत्र उभारणाऱ्यांची नावे सहसा प्रयोगगटांच्या लेखकयादीत नसतात. निबंधाच्या शेवटी आभाराच्या एका वाक्यात सर्वांची बोळवण होते. काम करूनही नाव नाही, असेच उदाहरण या शहराला अधिक जवळचे आहे.

सायटेशनच्या आक्षेपात मात्र तथ्याचा अंश आहे. तीन हजारांपैकी कोणीही गटाच्या जुन्या निबंधाचा संदर्भ दिला, की ते स्वतःचेच सायटेशन ठरते, आणि नवे मोजमाप जुन्यावर उभे असल्याने असे संदर्भ द्यावेच लागतात. परंतु हिग्ज बोसॉन सापडल्याचे सांगणाऱ्या २०१२ च्या शोधनिबंधांचे संदर्भ गटांबाहेरच्या सैद्धांतिक संशोधकांनीही फार मोठ्या प्रमाणावर दिले आहेत. शंका असेल त्याने या क्षेत्राच्या इन्स्पायर या सूचीत स्व-सायटेशन वगळून आकडे पाहावेत. ती सोय तेथे आहे. निबंध आणि त्यांची सायटेशने यांवरून संशोधकाला जोखणारा एच-इंडेक्स मांडणारे होर्खे हिर्श यांनीही २००५ च्या मूळ निबंधातच बजावले होते, की पुष्कळ सहलेखक असलेल्यांना हा निर्देशांक वाजवीपेक्षा झुकते माप देतो.

हिग्ज यांचे उदाहरण येथे लागूच पडत नाही. ते सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. १९६४ मध्ये त्यांनी जे कागदावर मांडले, ते खरे ठरायला २०१२ उजाडले, आणि ते खरे ठरवले याच हजारोंच्या गटांनी. आजच्या व्यवस्थेत आपल्याला नोकरी मिळाली नसती, असे त्यांनी २०१३ मध्ये म्हटले, ते निबंध मोजणाऱ्या व्यवस्थेविषयी होते, आणि हा संदेशही निबंधच मोजतो आहे.

उलट बाजूने, हाच आकडा सत्कारपत्रिकेवर छापणारेही तितकेच चुकतात. अशा संशोधकाचे स्वतःचे काम जाणून घ्यायचे असेल, तर त्याने कोणत्या विश्लेषणाचे नेतृत्व केले, गटाच्या अंतर्गत टिपणांपैकी कोणती त्याने लिहिली, डिटेक्टरचा कोणता भाग सांभाळला आणि परिषदेत गटाच्या वतीने बोलायला त्याला कोणत्या विषयावर पाठवले, हे विचारावे लागते.