प्रतिक्रियेला उत्तर: गॅस बंद केल्यानंतरचे हॉप्स

घरी एल (बिअरचा एक प्रकार) बनवण्याच्या माझ्या कृतीवरची तुमची प्रतिक्रिया वाचली. गॅस बंद केल्यावर वर्ट (आंबवण्याआधीचा माल्टचा गोड रस) ८० अंशांपर्यंत उतरू द्या आणि मगच हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घाला, असं मी त्यात लिहिलं होतं. "गॅस बंद केल्यावर घातलेले हॉप्स कडवटपणा देत नाहीत, ८० अंशांपर्यंत थांबा म्हणणं हे अर्धवट ज्ञान आहे, शिवाय तीन दिवसांचं ड्राय हॉपिंग (न उकळता, थेट बिअरमध्ये हॉप्स घालून ठेवणं) अपुरं, आणि अल्फा ॲसिडचा (हॉप्समधल्या, कडवटपणा देणाऱ्या आम्लाचा) आकडाही दिलेला नाही," असं तुम्ही म्हणता. मतभेद असू द्या. पण 'अर्धवट ज्ञान' ही बोलायची कुठली रीत झाली? बारा वर्षं घरी एल बनवतोय, प्रत्येक बॅचचं तापमान वहीत टिपलेलं आहे.

आकड्याचं मान्य. कास्केड (हॉप्सचा एक वाण) ६० ग्रॅम लिहिलं, अल्फा ६ टक्के हे लिहायचं राहिलं. आजच दुरुस्त करतो.

आता कडवटपणा. गॅस बंद झाला तरी वर्ट तापलेलंच असतं. जाड बुडाचं, झाकलेलं २० लिटरचं पातेलं दहा मिनिटांनीही ९० च्या वर असतं, आणि तेवढ्या उष्णतेत अल्फा ॲसिडचं कडू रूपात रूपांतर चालूच राहतं. ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या मालोविकी आणि शेलहॅमर यांनी २००५ साली या रूपांतराचा वेग मांडला. त्यांच्या समीकरणाने ९० अंशांना वेग उकळीच्या साधारण ४० टक्के येतो. तेच ८० ला लावलं तर जेमतेम सहावा हिस्सा. मूळ घनता (आंबण्याआधीच्या वर्टची) १.०५० धरा. हेच ६० ग्रॅम ९५ अंशांच्या आसपास वीस मिनिटं राहिले तर १७-१८ आयबीयू (कडवटपणाचं एकक), ८० ला पाच-सहा. तुमचं सॉफ्टवेअर शून्य दाखवत असेल, तर कडवटपणा काढायच्या टिन्सेथच्या सूत्रात फक्त उकळीची मिनिटं धरतात म्हणून. सूत्र कशावर चालतं ते न बघता दुसऱ्याला अडाणी ठरवू नये.

वासाचंही तेच. उकळत्या वर्टवर पेलेट (हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या) टाकले की हिरवा फेस चढतो आणि स्वयंपाकघरभर घमघमाट सुटतो. तेवढा वास बिअरमधून गेला. म्हणून आधी चिलरने ८० वर आणा, मग हॉप्स घाला, हलक्या हाताने गोल ढवळा, वीस मिनिटं ठेवा आणि लगेच २० अंशांपर्यंत उतरवा.

ड्राय हॉपिंगला तीन दिवस पुरतात. त्यावर वाद घालत बसणार नाही.

पुढच्या वेळी उकळी संपताच वर्ट दोन पातेल्यांत निम्मं निम्मं करा. एकात लगेच ३० ग्रॅम, दुसऱ्यात ८० ला ३० ग्रॅम. यीस्ट, तापमान, दिवस सगळं सारखं. दोन्ही ग्लास शेजारी ठेवून चाखा, आणि मग लिहा.