‘थोड्या वेळापूर्वी’

टीव्हीवर अमेरिकेतल्या गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस, सतराव्या होलवर दोघांची बरोबरी. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजून पाच मिनिटं. शेवटच्या जोडीतल्या एकाचा चेंडू रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, भोकावरचा झेंडा ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या) उजव्या कडेला, पुढ्यात वाळूचा बंकर. कॅडीनं, म्हणजे खेळाडूच्या मदतनिसानं, अंतरांचं पुस्तक उघडलं, खेळाडूनं एक आयर्न (लोखंडी क्लब) काढलं, परत ठेवलं, दुसरं काढलं. आणि जाहिरात! परत येतो तर चेंडू बंकरमध्ये. कसा गेला? लाय (चेंडू गवतात कसा बसलाय ते) वाईट होती, क्लब चुकला की वाऱ्यानं चेंडू खाल्ला? समालोचक गप्प. कोपऱ्यात एक पट्टी, ‘थोड्या वेळापूर्वी’, आणि त्या पट्टीखाली काय दाखवलं, तर वाळूत पडलेला चेंडू. शॉट नाहीच! वरातीमागून घोडं म्हणतात, इथे घोडंही आलं नाही, नुसती लीद दाखवली.

हा अख्ख्या स्पर्धेतला निर्णायक शॉट होता हो. चार दिवस, बहात्तर होल, आणि ज्या एका फटक्यावर स्पर्धा फिरली तोच गायब.

अमेरिकन टूरवर, म्हणजे पीजीए टूरवर, हे दर आठवड्याला होतं आणि ते कुणाच्या हातून चुकून होत नाही. स्पर्धेच्या नावापुढे ज्या बँकेचं किंवा विमा कंपनीचं नाव असतं, ती नुसते बक्षिसाचे पैसे देत नाही. प्रक्षेपणातल्या जाहिरातींचा मोठा गठ्ठाही तिच्याच गळ्यात असतो. तो कुठेतरी वाजवायलाच हवा, मग तो वाजतो बरोबर शेवटच्या तासात, कारण तेव्हाच लोक बघत असतात. नेटवर्कशी झालेले करार २०३० पर्यंतचे आहेत, म्हणजे तोवर सुटका नाही. वर ते ‘प्लेइंग थ्रू’ नावाचं सोंग: पडद्याचे दोन तुकडे, मोठ्यात ट्रकची जाहिरात, छोट्यात मुका गोल्फ. नाकापेक्षा मोती जड. ऑगस्टाला मास्टर्समध्ये तासाला जेमतेम चार मिनिटं जाहिराती असतात, तरी ती स्पर्धा बुडाली नाही, उलट तिचीच वाट लोक वर्षभर बघतात. म्हणजे करता येतं. करायचं नसतं.

आपल्याकडे तर दुहेरी मार. तिकडचा ब्रेक संपतो तेव्हा इकडच्या ॲपची जाहिरात अजून चालूच असते. त्याच तीन जाहिराती, त्याच क्रमानं. त्या फटीत एक शॉट जातो तो जातोच.

बरं, जे दाखवतात ते काय? पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू भोकाकडे ढकलायचे फटके. आठ फुटांचा पट, सहा फुटांचा पट, चार फुटांचा पट. पट दाखवायला काही लागत नाही. ग्रीनमागे कॅमेरा ठोकलेला, चेंडू आणि भोक दोन्ही एका चौकटीत, काम झालं. कापलेल्या गवताच्या फेअरवेवरचा दुसरा शॉट दाखवायचा तर चालता कॅमेरा हवा, आकाशात चेंडू पकडणारा कॅमेरामन हवा, आणि चेंडूजवळ जाऊन लाय बघणारा माणूस हवा. माणसं त्यांच्याकडे आहेत, यंत्रं आहेत. प्रत्येक चेंडूची जागा मोजणारी शॉटलिंक यंत्रणा त्यांचीच. प्रत्येक फटका इंचात मोजतात आणि दाखवत नाहीत!

युरोपियन टूरवर (डीपी वर्ल्ड टूर म्हणा, २०२२ पासून नाव बदललंय, खेळ तोच) याच्या बरोब्बर उलट. समालोचक वेन रायली, ज्याला सगळे ‘रडार’ म्हणतात, १९९५ची स्कॉटिश ओपन जिंकलेला माणूस, खेळाडूबरोबर चालतो, चेंडूवर वाकतो आणि आधी सांगतो की गवत कुठे झुकलंय. क्लबफेस आणि चेंडू यांच्यामध्ये गवत आलं की स्पिन मरते, चेंडू ठरल्यापेक्षा दहा-पंधरा यार्ड जास्त उडतो आणि ग्रीनवर थांबत नाही. हे कळलं की पुढचे वीस सेकंद श्वास रोखून बघावे लागतात. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा सतरावा होल घ्या: ४९५ यार्ड, पार चार (चार फटक्यांत संपवायचा), ग्रीनमागे रस्ता, रस्त्यामागे भिंत. तिथे रफमधून असा शॉट निघाला तर चेंडू रस्त्यावर जाणार हे तुम्हाला चेंडू हवेत असतानाच कळलेलं असतं. कॅमेरा चेंडूबरोबर जातो, तो जमिनीवर कुठे आपटला, कुठे वळला, सगळं दिसतं. वारा दिसतो. उतार दिसतो. स्वित्झर्लंडमधल्या क्रां-सूर-सिएरला मागे आल्प्स दिसतो. याला गोल्फ बघणं म्हणतात.

आता रेंगाळणं. पाय फाकून ग्रीनवर उभं राहायचं, बोटं वर करून उतार मोजायचा, भोकापलीकडे जाऊन परत तेच, मग कॅडीला विचारायचं, मग सहा फुटांचा पट चुकवायचा. नियमच सांगतो की साधारण चाळीस सेकंदांत फटका मारावा. अमेरिकन टूरवर यासाठी दंडाचा शॉट बसलेला बघायला दुर्बीण लागते. २०१८मध्ये ऑस्ट्रियात युरोपियन टूरनं शॉट क्लॉक मास्टर्स भरवली: प्रत्येक गटाबरोबर गाडी, गाडीवर मोठं घड्याळ, वेळ संपली की एक शॉट दंड, फेरीत जादा वेळ मागायची मुभा फक्त दोनदा. मिक्को कोर्होनेन जिंकला आणि कुणाचंही आभाळ कोसळलं नाही. पण ती एकदाच भरवली, याचाही राग आहेच! इतकी चांगली गोष्ट सापडली आणि सोडून दिली.

आणि ते फेडेक्स कपाचे, म्हणजे अमेरिकन टूरच्या वर्षभराच्या क्रमवारीचे गुण! माणूस अठराव्या होलच्या सुरुवातीला, टीवर, ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) घेऊन उभा आणि पडद्याच्या अर्ध्या भागात ‘आत्ता स्पर्धा संपली तर एकोणचाळिसावरून एकतिसाव्यावर’. कुणाला हवंय ते? याच गुणांपायी २०१९ ते २०२४ सहा वर्षं टूर चॅम्पियनशिपचा, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या स्पर्धेचा, सत्यानाश केला. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू एकही चेंडू न मारता उणे दहावर, म्हणजे दहा फटके आधीच वजा. २०२०मध्ये या स्पर्धेच्या ईस्ट लेक मैदानावर चार दिवसांत सगळ्यात कमी फटके झँडर शॉफलीचे, आणि करंडक डस्टिन जॉन्सनला. लीडरबोर्डच जर खरा नसेल तर बघायचं काय? २०२५मध्ये बंद केलं एकदाचं, पण ती सहा वर्षं कोण परत देणार?

वेळेचं तर बोलायलाच नको. फ्लोरिडात संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन, तेही उन्हाळ्यात. जानेवारी-फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या स्पर्धा संपेपर्यंत दूधवाला येतो. दुबईतली स्पर्धा संध्याकाळी साडेसहाला आटोपते, इंग्लंडमधली रात्री साडेदहाला. हिरो इंडियन ओपन दिल्ली-गुरुग्रामला, भर दिवसा. २०१६ आणि २०१७ला शिव चौरसियानं ती लागोपाठ जिंकली ते जागेपणी बघता आलं. भूगोलाचा दोष अमेरिकन टूरवर घालत नाही मी. पण रात्र जागवायला लावता तर शॉट तरी दाखवा ना!

युरोपचं सगळं छान आहे असं नाही. कॅमेरे कमी, साध्या आठवड्यात नावं ओळखीची नसतात, बडे खेळाडू वर्षात मोजके आठवडे उगवतात. पण त्यालाही कारण कोण? २०२३च्या हंगामापासून रेस टू दुबईतल्या (युरोपियन टूरच्या वर्षभराच्या क्रमवारीतल्या) ज्यांच्याकडे आधी अमेरिकेचं कार्ड, म्हणजे तिथल्या टूरवर खेळायचा हक्क, नाही, अशा पहिल्या दहा जणांना ते कार्ड मिळतं. चांगला पिकला की तोडून न्यायचा. स्कॉटलंडचा मॅकइंटायर गेला, फ्रान्सचा पाव्हों गेला. तिकडे मोठ्या स्पर्धांना २ कोटी डॉलरचं बक्षीस, कोण थांबणार? ज्यांचे शॉट नीट दाखवले जात होते ते उचलून अशा जागी नेले जिथे त्यांचे फक्त पट दिसतात. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०२२च्या अमेरिकन टूरच्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तीन फेऱ्यांनंतर आघाडीवर होता, शेवटी एका शॉटनं हुकला. असा माणूस, २०२२पर्यंत तिकडे खेळत होता तेव्हा, एखाद्या आठवड्यात बाराव्या क्रमांकावर असला की अमेरिकन पडद्यावर त्याचं नाव तळाच्या पट्टीत सरकायचं, बस. शुभंकर शर्मा युरोपात विसाव्या क्रमांकावर असला तरी त्याचा एखादा पूर्ण होल बघायला मिळायचा.

सकाळी हायलाइट्स लावले. सतराव्या होलवर तिथेही बंकरपासूनच सुरुवात.