‘घरात माणसं जास्त? डोळे मिटून डिझेल एसयूव्ही घ्या’ : या फॉरवर्डचा प्रतिवाद

घरच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा सारांश असा : घरात पाचाच्या वर माणसं असतील तर डोळे मिटून मोठी डिझेल एसयूव्ही घ्या. सात सीट असल्या की सात माणसं आरामात बसतात. पेट्रोलला घाटात दम लागतो. गाडी जितकी जड तितकी सुरक्षित. एर्टिगा, कॅरेन्स, इनोव्हा या ट्रॅव्हल्सवाल्यांच्या गाड्या. आणि जीएसटी उतरल्यावर छोटी गाडी घेण्यात काही अर्थ राहिलेला नाही.

पुण्यात हे पटकन पटतं. स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही ७०० (आता नाव एक्सयूव्ही ७एक्सओ) चाकणला बनतात, सफारी इथेच पिंपरीत. या गाड्या चांगल्या आहेत आणि काही घरांना त्याच शोभतात. पण पंधरा-वीस लाखांचा निर्णय, तोही बहुतेकांचा कर्ज काढून घेतलेला, अशा मेसेजवर होऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सात सीट म्हणजे सात माणसं आरामात’

सगळ्यात मोठी दिशाभूल इथे आहे. सेव्हन सीटरची खरी परीक्षा तिसऱ्या रांगेत होते, आणि शोरूममध्ये तिथे कुणी बसूनच बघत नाही. विकत घेणारा स्टिअरिंगवर बसतो, सनरूफ उघडून बघतो, स्क्रीनवर बोट फिरवतो आणि बुकिंगची रक्कम भरून येतो.

स्कॉर्पिओ-एनसारख्या लॅडर फ्रेमवर, म्हणजे बॉडीखालच्या वेगळ्या, शिडीसारख्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या गाडीत मागची जमीन उंच असते. सीट त्या मानाने खालीच राहते, त्यामुळे बसणाऱ्याचे गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. दहा वर्षांच्या मुलाला त्याचं काही वाटणार नाही. पुणे ते कोल्हापूर एवढा वेळ तिथे बसलेल्या मोठ्या माणसाची कंबर मात्र धरते. एमपीव्ही, म्हणजे जास्त माणसं नेण्यासाठीची मोठी गाडी, मुळातच तीन रांगांसाठी आखलेली असते, म्हणून एर्टिगा किंवा इनोव्हा हायक्रॉसच्या तिसऱ्या रांगेत मोठं माणूस बरंच सरळ बसू शकतं.

बसण्याआधी चढण्याचा प्रश्न आहे. मधली सीट पुढे सरकते की पूर्ण उलटते? एका हाताने होतं की दोन माणसं लागतात? कॅरेन्समध्ये बटण दाबलं की मधली सीट स्वतः दुमडून पुढे जाते. काही एसयूव्हींमध्ये सीट उलटवायला जोर लावावा लागतो आणि नंतर उंच पायरी चढून आत शिरावं लागतं. गुडघेदुखीच्या आजींना मागे बसवायचं नाहीच, पण त्या मध्ये बसल्या असतील तर मागच्यांना उतरवण्यासाठी दर वेळी आधी त्यांना उतरावं लागणार. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र कॅप्टन सीट असतील आणि त्यांच्यामधून मागे जाता येत असेल, तर हा त्रास वाचतो. मात्र बऱ्याच मॉडेलांमध्ये कॅप्टन सीट घेतल्या की गाडी सहा जणांची होते. इनोव्हात तसं होत नाही, तिथे कॅप्टन सीट घेऊनही सात जागा राहतात आणि सलग बाक घेतला तर आठ.

मग सामान. तिन्ही रांगा उघड्या ठेवल्यावर डिकीत उरणारी जागा कंपन्यांच्याच आकड्यांत बघा : रेनॉची छोटी सेव्हन सीटर ट्रायबर ८४ लिटर, एर्टिगा २०९, कॅरेन्स २१६, हायक्रॉस ३००. विमानात वर ठेवतो तशी केबिन बॅग साधारण ३५ ते ४० लिटरची असते. म्हणजे एर्टिगात अशा चार-पाच बॅगा कशाबशा जातील आणि ट्रायबरमध्ये दोन. स्कॉर्पिओ-एनची तिसरी रांग उघडली की मागे सामानाला जवळपास जागाच राहत नाही. सात जण गणपतीला कोकणात निघालेत आणि बॅगा सगळ्यांच्या मांडीवर, अशी वेळ येते ती या हिशोबाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. सीएनजी घ्यायचा विचार असेल तर टाकी डिकीतच बसते हेही धरून चला.

‘घाटासाठी डिझेलच’

यात तथ्य आहे, तेवढं आधी मान्य करतो. सात माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी चढताना एर्टिगाचं दीड लिटरचं साधं पेट्रोल इंजिन घुसमटतं. त्याचा टॉर्क, म्हणजे गाडी ओढण्याचा जोर, १३६.८ न्यूटन मीटर आहे, इनोव्हा क्रिस्टाच्या डिझेलचा ३४३ आणि सफारीच्या डिझेलचा ३५०. हा फरक एक्सलरेटरवर पाय ठेवताच कळतो. वारंवार भरगच्च गाडीने साताऱ्याकडे, महाबळेश्वरला किंवा वरंध्यातून खाली जाणाऱ्यांनी तो धरायलाच हवा.

पण ‘पेट्रोल’ म्हणजे एकच प्रकार नाही. कॅरेन्सच्या टर्बो पेट्रोलचा टॉर्क २५३ आहे, एक्सयूव्ही ७०० च्या दोन लिटर टर्बो पेट्रोलचा ३८०, म्हणजे सफारीच्या डिझेलपेक्षाही जास्त. हायक्रॉसच्या हायब्रिडमध्ये चढावर इलेक्ट्रिक मोटर मदतीला येते. घाटात दम टाकतं ते कमी टॉर्कचं इंजिन. त्याला सरसकट पेट्रोलचा दोष म्हणणं चूक आहे.

आणि डिझेलची जी बाजू मेसेज सांगत नाही, ती पुणेकरांना जास्त लागू पडते. एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस ६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. साठलेली काजळी जाळून टाकायला फिल्टर खूप तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी काही वेळ एकसारख्या वेगाने पळावी लागते. कोथरूड ते हिंजवडी रोज रांगत जाणारी किंवा सकाळी मुलांना शाळेत सोडून दहा मिनिटांत परत येणारी गाडी तेवढी तापतच नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरवाले सांगतात, एक्स्प्रेस वेवर एक चक्कर मारून आणा. आठवड्याला लांबची फेरी असणाऱ्याला याचा काहीच त्रास नाही. पूर्ण शहरी वापर असेल तर डोक्याला ताप आहे.

पैशांचं गणितही करून बघा. समजा डिझेल व्हेरियंट दीड लाखाने महाग पडलं. समजा पेट्रोल १०४ रुपये आणि गाडी शहरात ११ चं मायलेज देते, डिझेल ९० रुपये आणि ती १४ चं देते. किलोमीटरमागे साधारण तीन रुपये वाचतात. दीड लाख वसूल व्हायला ५० हजार किलोमीटर लागतील. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणाऱ्या घराला त्यासाठी पाच वर्षांहून जास्त काळ लागतो. आकडे तुमच्या गाडीचे घाला, रीत हीच. महाराष्ट्रात रोड टॅक्सही डिझेलला दोन टक्के जास्त आहे : किमतीच्या टप्प्यानुसार पेट्रोलला ११, १२, १३ टक्के, तर डिझेलला १३, १४, १५. तो एकरकमी, पहिल्याच दिवशी भरायचा असतो. (उलट बाजूची एक भीतीही इथेच काढून टाकतो. दहा वर्षांत डिझेल गाडी बाद होण्याचा नियम दिल्ली आणि आसपासच्या भागाचा आहे. पुण्यात नोंदणी १५ वर्षांची असते.)

अजून एक. फक्त डिझेल असा हट्ट धरला की एर्टिगा, ट्रायबर आणि हायक्रॉस यादीतूनच जातात, कारण त्या डिझेलमध्ये मिळतच नाहीत. तिसरी रांग सगळ्यात चांगली असलेल्या दोन गाड्या त्यातच आहेत.

‘जड तीच सुरक्षित’

याबद्दल मला खरोखर काळजी वाटते, कारण हे वाचून लोक गाडीचा तपासणी अहवाल बघणंच सोडून देतात. एक्सयूव्ही ७०० ला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाड्या आदळवून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेचे, पाच तारे मिळाले, स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये, सफारीला २०२३ मध्ये. ते वजनामुळे मिळालेले नाहीत. सांगाडा कसा कोसळतो, बेल्ट आणि एअरबॅग कसं काम करतात, यावर ते मिळतात. स्कॉर्पिओ-एनलाच मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी तीन तारे आहेत. ज्या घरात मुलं मागे बसणार, तिथे तो दुसरा आकडा आधी वाचायला हवा.

ताऱ्यांचं वर्षही बघा. जुलै २०२२ पासून ग्लोबल एनकॅपच्या चाचण्या कडक झाल्या. ट्रायबरला २०२१ मध्ये चार तारे होते, नव्या निकषांवर २०२५ मध्ये दोनच मिळाले. एर्टिगाला २०२४ मध्ये एक तारा मिळाला आणि तिचा सांगाडा अस्थिर ठरला. त्यानंतर सगळ्या व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग आल्या हे चांगलंच झालं, पण एअरबॅग वाढल्याने सांगाडा बदलत नाही. एर्टिगाच्या जागेचं मी वर कौतुक केलं आहे, म्हणून हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणं भाग आहे. हायक्रॉसला आपल्याकडच्या तशाच चाचणीचे, भारत एनकॅपचे, पाच तारे आहेत, आणि ती एमपीव्हीच आहे.

यापेक्षा मोठी गोष्ट : या चाचण्यांत मोठ्यांचे पुतळे पुढच्या सीटवर असतात आणि मुलांचे मधल्या रांगेत. तिसऱ्या रांगेत कुणीच नसतं. पाच तारे म्हणजे सातही जणांना पाच तारे नव्हेत. तिसऱ्या रांगेतल्या माणसाचं डोकं मागच्या काचेपासून किती लांब आहे, पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग तिथपर्यंत पोचतात का, प्रत्येक जागेला खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का, हे स्वतः बघावं लागतं. आणि तो बेल्ट प्रत्येकाने लावावा लागतो. लहान मूल मांडीवर घेऊन मागे बसण्याची आपल्याकडची सवय कुठल्याच गाडीत सुरक्षित नाही.

‘या तर ट्रॅव्हल्सच्या गाड्या’

ट्रॅव्हल्सवाले दिवसाला शेकडो किलोमीटर, रोज वेगळी माणसं घेऊन गाडी चालवतात. चढायला सोपी, मागे बसायला बरी, दुरुस्तीला स्वस्त आणि विकताना किंमत देणारी गाडीच त्यांना परवडते. त्यांची पसंती हा गुण आहे. शेजारी काय म्हणतील यासाठी आई-बाबांना उंच पायरी चढायला लावू नका.

‘जीएसटीनंतर छोटी गाडी कशाला?’

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. आधी सेससह २९ होता. मोठ्या एसयूव्हींवर सेससह ५० होता तो ४० झाला. म्हणजे टक्केवारीत सगळ्यात मोठी कपात छोट्या गाडीला मिळाली. सात सीटच्या गाड्यांत ट्रायबर या गटात बसते. तिचं एक लिटरचं इंजिन घाटात भरलेल्या गाडीला पुरत नाही, हे खरं. पण शहरातच फिरणाऱ्या आणि अधूनमधून सात जणांना न्यावं लागणाऱ्या घरासाठी ती विचारात घेण्यासारखी आहे. शिवाय तिची तिसरी रांग काढून घरी ठेवता येते.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट : पार्किंग

पुण्यात गाडी जितका वेळ चालते त्याहून कितीतरी जास्त उभी असते. एर्टिगाची रुंदी १७३५ मिलिमीटर, सफारीची १९२२. जवळजवळ १९ सेंटिमीटरचा फरक. दोन खांबांमधल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेवढ्यावर दार पूर्ण उघडायचं की नाही हे ठरतं. लांबी ट्रायबरची चार मीटरच्या आत आहे आणि हायक्रॉसची ४७५५ मिलिमीटर. नारायण पेठेतल्या बोळात राहणाऱ्याने किंवा मेकॅनिकल पार्किंग असलेल्या इमारतीतल्याने आधी टेप घेऊन खाली उतरावं. मेकॅनिकल पार्किंगमध्ये उंची आणि वजनाची मर्यादाही असते, ती सोसायटीच्या कार्यालयात लिहिलेली मिळते.

टेस्ट ड्राइव्हला सगळ्यांना न्या. गाडी घरी बोलवा, सातही जणांना बसवा, डिकीत बॅगा टाका आणि जुन्या कात्रज घाटात जाऊन या. सगळ्यात उंच माणसाला पुढे बसवून सीट लावा, मग त्याच उंचीच्या दुसऱ्याला त्याच्या मागे आणि तिसऱ्याला तिसऱ्या रांगेत. सेल्समनला वेळ नसेल तर दुसऱ्या डीलरकडे जा, पुण्यात त्यांची कमतरता नाही.

आणि तिसरी रांग वर्षातून दोन-तीनदाच उघडणार असेल, तर चांगली पाच सीटची गाडी घेऊन त्या दोन-तीन वेळांना ड्रायव्हरसह इनोव्हा भाड्याने घेणंही शहाणपणाचं आहे. किमतीतला फरक आणि दर महिन्याचा हप्ता कागदावर मांडला, तर बऱ्याच घरांत हाच पर्याय स्वस्त निघेल.